पाळीची वही

दि. ९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोडायच्या आधीच कळलं की रागावली आहेस, कारण पाकिटावर माझं नाव पूर्ण लिहिलं होतंस. एरवी ‘चि. खुडबुड्या’ लिहून पोस्टमनची करमणूक करतेस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेजचं तू नाव काढू देत नाहीस, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून हे लिहितोय. टेबल डुगडुगतं, अक्षराला माफ कर.

मी नेमकं करतो काय, हे तू विचारलंस. माझ्या हुद्द्यात ‘सल्लागार’ असा शब्द आहे, पण चार वर्षांत मला कोणी सल्ला विचारलेला नाही. माझी कंपनी मला एका दुसऱ्या कंपनीला वापरायला देते. ही दुसरी कंपनी शहरातल्या बस चालवते. आठशे ड्रायव्हर आहेत. कोणी कधी कुठली बस न्यायची आणि कोणाची सुट्टी कधी, हे महिन्याचं वेळापत्रक एक म्हातारा प्रोग्राम काढतो. दर अठ्ठावीस तारखेला तो चालवायचा असतो, आणि त्याची सगळी दुखणी फक्त मला ठाऊक आहेत. आमच्या खोलीला खिडकी नाही. यंत्रांसाठी गारवा लागतो म्हणून बाराही महिने स्वेटर घालून बसतो. आत जायला कार्ड लागतं, आणि बाहेर पडायलाही.

साहेबांना मी बघूसाहेब म्हणतो. काहीही विचारलं की ‘बघू’. या कामातून मला मोकळं करा, असं सांगून तीन वर्षं झाली. ते खांद्यावर हात ठेवून म्हणतात, तुझ्याशिवाय आहे कोण. आणि बढती मात्र जावईबापूंना! हे कोणाचे जावई नाहीत, पण लाड तसेच आहेत. दोन वर्षं माझ्या शेजारी बसले, साहेबांच्या विनोदाला वेळेवर हसले, आणि आता वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून माझ्याकडून रोज अहवाल मागवतात. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते काही खोटं नाही. सप्टेंबरात एक मुलगी माझ्या हाताखाली शिकायला दिली होती. चौथ्या दिवशी मीच तिला परत पाठवलं. तिला जमण्यातलं नव्हतं.

आता राग घालवणारी बातमी. आठ मार्चपासून तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. सही झालेला कागद माझ्या खणात आहे. तुझ्या कानाचं ऑपरेशन या वेळी माझ्यामुळे पुढे जाणार नाही. आजोबांचं मी बघेन, तू निर्धास्त जा.

कळावे. राग उतरावा, लोभ आहे तिथेच असावा.

तुझा,
खुडबुड्या

*

दि. १७ जानेवारी

चि. खुडबुड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग उतरला. पूर्ण नाही, घोट्यापर्यंत उतरलाय. सप्टेंबरात तू ऐन वेळी येत नाही म्हणालास तेव्हा डॉक्टरांसमोर मी किती ओशाळले ते तुला सांगितलं नव्हतं. डावा कान गेलाच आहे. उजव्यातलं जे उरलंय ते मार्चपर्यंत वाचवता येईल, त्यानंतर आपण हात लावणार नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. दहा मार्च ही तारीख आहे. त्याआधी दोन दिवस ये, म्हणजे आजोबांना तुझी सवय होईल.

आजोबा ठीक आहेत. एक्याण्णव पूर्ण झाली. अकरा वर्षं त्याच पलंगावर आहेत, पण दाढी एक दिवस चुकली तर हाताने गाल चाचपून मला दाखवतात. बोलणं जवळपास बंद झालंय, आणि मला ऐकू येत नाही, म्हणजे आमचा संसार अगदी शांत. दाराच्या बेलला तू कॉलेजात असताना दिवा जोडून दिला होतास, तो अजून चालतो. बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागतो आणि मी धावते. मागच्या आठवड्यात एक मांजर बटणाशेजारच्या कठड्यावर येऊन बसलं होतं, मी सहा वेळा दार उघडलं.

तुझ्या साहेबांबद्दल. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले, म्हणून तुला एक सांगते. आमच्याकडे पाळीची वही असायची. पाळी संपली म्हणून कोणी उठायचं नाही. पुढची बाई येऊन शेजारी बसणार, आपण तिला वही मोठ्याने वाचून दाखवणार, कुठली लाइन खरखरते, कुठलं गिऱ्हाईक शिव्या देतं, सगळं. तिने ‘कळलं’ म्हटलं की मगच कानावरचं यंत्र काढायचं. खुर्ची रिकामी ठेवायची नाही आणि खुर्चीला चिकटून राहायचं नाही, हे दोन्ही त्या वहीमुळे जमायचं. तू अशी वही लिही. तुझ्याशिवाय आहे कोण, असं साहेब म्हणाले की वही पुढे कर.

मुलीला चार दिवसांत परत पाठवलंस हे वाचून मात्र बरं वाटलं नाही. मलाही पहिले चार दिवस बोर्ड कळला नव्हता.

स्वेटर धूत जा. बाकी क्षेम. माया आहेच, ती वेगळी मागायला नको.

आत्या

*

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. चौसष्ट पानं लिहिली. आठवडाभर दुसरं काही केलं नाही. छापून, शिवून साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते खूश झाले. एवढे खूश झाले की पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवली. दाखवताना मात्र मुखपृष्ठावर जावईबापूंचं नाव होतं. ‘मार्गदर्शन’ त्यांचं, म्हणे. मी आत आभारांमध्ये होतो, चहा आणून देणाऱ्या मावशींच्या खाली. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण नागोबा टाय लावून येतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

तरी गप्प बसलो, कारण मला सुटायचं होतं. अठ्ठावीस जानेवारीला मी म्हणालो, आता वही आहे, जावईबापूंनी चालवावं, मी हात खिशात घालून बघतो. त्यांनी वहीत बघून एकेक पायरी केली. निम्म्यात प्रोग्राम अडला तो अडलाच. शेवटी मलाच खुर्चीत बसावं लागलं. मी दहा मिनिटांत काम पूर्ण केलं आणि साहेब सगळ्यांना म्हणाले, बघा, याच्याशिवाय घोडं पुढे जात नाही.

वरच्या परिच्छेदानंतर दोन ओळी खोडल्या आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

वाईट बातमी ही की त्यानंतर रजेचा विषय ‘बघू’वर आला आहे. फेब्रुवारीचं वेळापत्रक वहीवरून नीट निघालं तर जा, नाहीतर बघू. जावईबापूंनाही त्याच आठवड्यांची रजा हवी आहे, समुद्रावर जायला. त्यांची मात्र ‘बघू’ न म्हणता झाली. मी सही झालेला कागद दाखवला तर साहेब म्हणाले की सही त्यांचीच आहे, तेव्हा ती परत घेणंही त्यांच्याच हातात आहे. मला संताप आला आणि मी ‘बरं’ म्हणालो. हल्ली मी फार ‘बरं’ म्हणतो.

तू काळजी करू नकोस. वही चांगली आहे, आज ना उद्या चालेल.

कळावे. पत्राच्या उत्तराइतकीच मायाही लवकर पोचावी.

तुझा,
खुडबुड्या

*

दि. १४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास, अ. उ. आ.

कार्डावर मावेल तेवढंच लिहिते. ऑपरेशनची तारीख तीच आहे. आजोबांना थोडा खोकला आहे, बाकी ठीक. तुझ्यासाठी पलंग खिडकीजवळ सरकवला, तुला खिडकी नाही म्हणालास म्हणून. चौसष्ट पानं लिहून प्रोग्राम अडतो, हे माझ्या डोक्यात बसत नाही. पुन्हा वाचून बघ.

आत्या

*

दि. २ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. रजा रद्द झाली.

अठ्ठावीसला जावईबापूंनी पुन्हा वहीवरून चालवलं. या वेळी अडलं नाही, त्याहून वाईट झालं. वेळापत्रक निघालं आणि मी बघायच्या आत डेपोच्या भिंतीवर लागलं. त्यात चाळीस ड्रायव्हर एकाच वेळी दोन-दोन बसवर होते. सकाळी कॅन्टीनमध्ये एक ड्रायव्हरबाई कागद घेऊन आली. सात वाजता ती दोन मार्गांवर होती. तिने मला शांतपणे विचारलं की तिने स्वतःचे दोन भाग करायचे का, आणि कुठला भाग कुठे पाठवायचा. तिला त्या दिवशी मुलाच्या शाळेत जायला सुट्टी मंजूर होती, तीही कागदावरून गेली होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

साहेबांनी बैठकीत जावईबापूंना एक शब्द विचारला नाही. मला म्हणाले, तुझी वहीच कच्ची आहे. नाव त्यांचं होतं तोवर ती पक्की होती! मग सगळ्यांसमोर सांगितलं की अशा परिस्थितीत तू जाण्याचा प्रश्नच येत नाही, वर्षभर तरी. वर्षभर, आत्या. मी खोलीत परत आलो आणि दार मागे बंद झालं.

डॉक्टरांना सांगून ऑपरेशन एक महिना पुढे नेता येईल का? मी एप्रिलमध्ये नक्की काहीतरी करतो. मला माहीत आहे मी सप्टेंबरातही हेच लिहिलं होतं.

लोभ मागायला आज तोंड नाही.

तुझा

*

दि. ६ मार्च

चि. खुडबुड्यास,
आशीर्वाद.

तारीख पुढे न्यायची नाही. मी ऐकू येण्यासाठी तुझ्या साहेबांच्या सहीची वाट बघणार नाही.

तुझ्या वडिलांना बोलावलंय. दादाने अकरा वर्षं एकच गोष्ट सांगितली, की मला जमणार नाही, तुझ्याशिवाय आहे कोण. तुझी आई होती तोवर ती वर्षातून दोनदा येऊन मला हातभार लावायची. ती गेल्यावर दादा यायचा, आजोबांच्या उशाशी पेपर वाचायचा आणि जायचा. तो लहानपणापासून लाडका. दुधावरची साय त्याची आणि भांडं घासायचं माझं. आता त्याला मी अडतीस पानांची वही लिहून दिली आहे. उशा किती, कूस केव्हा बदलायची, औषधं, दाढी, सगळं. मोठ्याने वाचून दाखवली. तो ‘कळलं’ म्हणाला. चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा होता.

उद्या सकाळी मी हॉस्पिटलमध्ये भरती होते आहे. तुझ्यावर राग आहे, तो परत आल्यावर सांगेन.

आत्या

*

दि. १९ मार्च

चि. यास,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या आत्याचे ऑपरेशन पार पडले असून ती आणखी दहा दिवस हॉस्पिटलात राहील. तिनेच तुला कळवायला सांगितले आहे.

येथील कारभार मी पाहत आहे. जमीन मोजणीत तेहतीस वर्षे काढली, पण एक म्हातारा माणूस डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर नेणे हे काम त्याहून अवघड आहे, असे माझे मत झाले आहे. पहिल्या दिवशी दाढी करताना माझेच बोट कापले. आजोबा हसले. मी त्यांना किती वर्षांनी हसताना पाहिले ते आठवत नाही.

एक प्रसंग कळवतो. पहिले दोन दिवस त्यांनी अन्नाला तोंडच उघडले नाही. वहीत चमचा कोणता, भात किती मऊ, डोके किती उंच, सर्व होते. सर्व केले. दात मिटलेले ते मिटलेलेच. तिसऱ्या दिवशी मी वैतागून घड्याळ बघितले, तर त्यांनी माझे मनगट धरले, घड्याळ नीट न्याहाळले, मान हलवली आणि तोंड उघडले! मग डोक्यात प्रकाश पडला. ते गिरणीत टाइमकीपर होते. वेळ स्वतः बघितल्याशिवाय ते जेवणाची सुट्टी देत नाहीत, स्वतःलासुद्धा. त्यांचे घड्याळ उशीखालीच होते. आता आधी घड्याळ, मग घास. हे मी शोधून काढले, हे नमूद करतो.

नवल एवढेच वाटते की कधी काही न विसरणारी तुझी आत्या नेमके हेच लिहायला कशी विसरली.

माझी प्रकृती ठीक. पाठ धरली आहे. तुझे काम चालू असेल. वडिलांचा लोभ गृहीत धरावा.

तुझा बाप

*

दि. ३ एप्रिल

चि. खुडबुड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी आले. आधी कानाचं सांगते. भांडं पडलेलं ऐकू येतं. दादाचं घोरणं ऐकू येतं, ते नसतं आलं तरी चाललं असतं. समोर बसून कोणी बोललं तर कळतं. बारीक आवाज मात्र गेले ते गेले. पाखरं, शिट्टी, दाराची बेल, हे आता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरात केलं असतं तर तेही राहिलं असतं. हे तुझ्यापासून लपवणार होते. मग म्हटलं, लपवालपवी पुरे झाली.

कारण मीच एक लपवलंय. दादाने घड्याळाचं तुला लिहिलंय, मला माहीत आहे, तो येईल-जाईल त्याला सांगतोय. मी ते विसरले नव्हते. पेन हातात होतं, पान उघडं होतं. जेवणाआधी घड्याळ दाखवावं, एवढी एकच ओळ होती. मी पेन बंद केलं. मनात आलं, एवढं तरी माझ्याकडे असू दे. मग दादाचं अडेल, तो हॉस्पिटलमध्ये निरोप पाठवील, आणि तिथल्या बायका म्हणतील, बघा, हिच्याशिवाय घरात पान हलत नाही. माझा बाप दोन दिवस उपाशी राहिला तो माझ्या या हौसेपायी.

मी आले तेव्हा आजोबा दादाच्या हातून जेवत होते. माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अकरा वर्षं मी म्हणत होते की मला कोणी सोडवत नाही, आणि दार मीच आतून लावून घेतलं होतं.

तुझं सहा फेब्रुवारीचं पत्र काल पुन्हा काढलं. खोडलेल्या दोन ओळी दिव्यासमोर धरल्या. तुला माझ्यासमोर काही खोडता येत नाही, दुसरीपासून तुझी शुद्धलेखनाची वही मी तपासली आहे. तू लिहिलं होतंस की जावईबापूंच्या हातात प्रोग्राम अडला तेव्हा तुला आतून बरं वाटलं.

तुझा साहेब नालायक आहे. तो जावईबापू फुकट्या आहे. हे सगळं खरं, आणि मी तुझ्या बाजूची आहे. तरी विचारते. तुझ्या वहीत कुठलं पान नाही?

मायेत काही कमी झालेलं नाही. उत्तर दे.

आत्या

*

दि. ३० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण आधी करायचं होतं आणि मग लिहायचं होतं.

पासष्टावं पान नव्हतं. कधीकाळी दोन डेपो एक झाले, तेव्हा चाळीस ड्रायव्हरांचे नंबर दुसऱ्या चाळिसांशी सारखे निघाले. प्रोग्राम त्यांच्यात घोटाळतो. दर महिन्याला मी त्यांना आधी बाजूला काढतो, बाकीच्यांचं चालवतो, मग त्यांना हाताने परत बसवतो. दहा मिनिटांचं काम आहे. वही लिहिताना तिथपर्यंत आलो आणि पुढच्या पायरीवर गेलो. विसरलो असं स्वतःला सांगत राहिलो. नाव त्यांचं लागणार हे तोवर माहीतही नव्हतं, तेव्हा तीही सबब नाही. सप्टेंबरातल्या त्या मुलीला जमत नव्हतं हेही खरं नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं की हे चाळीस नंबर सारखे का दिसतात. पाचव्या दिवशी ती नव्हती. ती राहिली असती तर मी सप्टेंबरात आलो असतो.

हे वाक्य मी खोडत नाही.

ते पान लिहिलं. जावईबापूंना खाली बोलावलं, शेजारी बसवलं आणि तुमच्या एक्स्चेंजच्या पद्धतीने मोठ्याने वाचून दाखवलं. आधी ते चिडतील असं वाटलं. त्यांनी ते पान स्वतः पुन्हा वाचलं आणि मग म्हणाले की दर अठ्ठाविसाला त्यांना भीती वाटायची, आपण काही येत नसलेला माणूस आहोत हे आज उघड होणार म्हणून. मला त्यांची दया आली असं म्हणणार नाही, पण राग धरायलाही जमलं नाही. त्यांनी ‘कळलं’ म्हटलं.

परवा त्यांनी एकट्याने चालवलं. एकही चूक नाही. मी डेपोच्या भिंतीशी जाऊन त्या ड्रायव्हरबाईचं नाव बोटाने शोधलं. एकदाच होतं. तिची सुट्टीही होती. साहेबांनी चूक शोधल्याबद्दल जावईबापूंचं कौतुक केलं. मला मोकळं करण्याचा कागद मी पुढे केला. त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली, वर बघितलंसुद्धा नाही. तीन वर्षं ज्या सहीसाठी झुरलो ती दोन मिनिटांत झाली, आणि आत्या, मला त्याचंच वाईट वाटलं. जिन्यात थांबून तुझा स्वयंपाकघरातला परिच्छेद आठवला.

सुटलो असं मात्र समजू नकोस. सहा आठवड्यांनी दुसरं काम आहे, साहेब तेच. तिथल्या खोलीला खिडकी आहे का हे विचारलं, तर म्हणाले, बघू.

ते सहा आठवडे तुझ्याकडे येतो. बाबांच्या पाठीला सुट्टी दे. आजोबांना सांग, नवी पाळी येत आहे, घड्याळ घालून येत आहे.

बेलचा दिवा काढू नकोस. मोठा घेऊन येतोय, माजघरातूनही दिसेल असा.

कळावे. लोभ मागत नाही, दिवा लागला की दार उघड.

तुझा,
खुडबुड्या